पंचवीस हजारांचे बोळे

सुरतेत पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. नावात पर्वत आहे, पण चहूकडे पाहिले तरी साधी टेकडीसुद्धा दिसत नाही. पर्वत हे तिथल्या जुन्या गावाचे नाव. पाटिया म्हणजे पाटी. हमरस्त्यावरून गावाकडे वळायच्या जागी गावाची पाटी असते, त्या जागेलाच गुजरातेत पाटिया म्हणतात. आता गाव शहराच्या पोटात गेले आणि उरला तो हमरस्ता. रिक्षा, बीआरटीएसच्या बसगाड्या, कापडाच्या गाठी लादलेले टेंपो आणि या सगळ्यांचे हॉर्न. आम्ही गोव्याची माणसे जत्रेतल्या गोंगाटाला भीत नाही. पण जत्रा दुसऱ्या दिवशी संपते. इथली संपत नाही.

माझी धाकटी बहीण इथे राहते. यजमान बँकेच्या नोकरीत सुरतेला आले आणि इथलेच झाले. गेल्या खेपेस मी गेलो तेव्हा घरात एक वाद पेटलेला होता. भाच्याने सोनीचे डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ घेतले होते, आणि भाचीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या जावयांनी, ॲपलचे एअरपॉड्स प्रो ३. दोन्ही बिनतारी. कानात घालायचे दोन दाणे आणि त्यांची डबी, बाकी काही नाही. सोनीची जोडी २०२३ साली भारतात आली तेव्हा किंमत होती २४,९९० रुपये. ॲपलची २०२५ च्या सप्टेंबरात आली ती २५,९०० रुपयांना. दोघांनी मला पंच नेमले.

"मामा, तुम्ही गाणं ऐकणारे. तुम्हीच सांगा, कुठली चांगली?"

आमच्या लहानपणी हाक मारूनही पोर आले नाही की आई विचारायची, कानात बोळे घातलेत काय? तेच बोळे आता पंचवीस हजारांना मिळतात आणि त्यांची तुलना करायला माणसे हौसेने बसतात. असो. पंचाने पंचाचे काम करावे. चार दिवस मी दोन्ही जोड्या आलटून पालटून वापरल्या. निकाल असा.

एक दाणा सोनीचा ५.९ ग्रॅमचा, ॲपलचा साडेपाच ग्रॅमच्या किंचित वर. बाहेरचा आवाज मारायची सोय चालू ठेवली तर एका भरणीत दोन्ही आठ तास चालतात आणि डबीसकट चोवीस तास, असे दोन्ही कंपन्या सांगतात. म्हणजे आकडेसुद्धा तेच! सोनीत एलडॅक नावाची सोय आहे, तिने सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत आवाज पाठवता येतो. पण ती अँड्रॉइड फोनवर. आयफोनवर ती चालत नाही. ॲपलची जोडी आयफोनशी जशी जुळते तशी दुसऱ्या कुठल्या फोनशी जुळत नाही. बाहेरचे बोलणे कानात येऊ द्यायची सोय मला ॲपलची अधिक स्वाभाविक वाटली. गाण्यातला खर्ज मला सोनीत अधिक भरीव वाटला. मग मी केसरबाई केरकरांचे जुने ध्वनिमुद्रण लावले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचे ते गाणे. मूळ तबकडीतच जे नाही ते ९९० किलोबिट कुठून आणणार? आणि जे आहे, तो केरीच्या बाईचा भरदार आकार, तो दोन्हींत सारखाच अंगावर आला.

तेव्हा फोन आयफोन असेल तर ॲपल घ्या, अँड्रॉइड असेल तर सोनी. दुकानात दोन्ही घालून बघा आणि ज्याचा रबर वा फोम तुमच्या कानात नीट बसेल ते उचला, कारण निम्मा आवाज तो बसल्यानेच अडतो. संपले परीक्षण. हजार शब्दांची परीक्षणे आणि तासाभराचे व्हिडिओ यापलीकडे फारसे काही सांगत नाहीत, हे मी जबाबदारीने लिहितो.

माझे भांडण पुढेच आहे.

तिसऱ्या दिवशी भाचा मला उधन्याच्या बाजूला त्याच्या ओळखीच्या एका मागाच्या कारखान्यात घेऊन गेला. सुरतेच्या साड्या आपण गोव्यातही नेसतो, पण त्या कुठल्या आवाजात विणल्या जातात ते कधी ऐकत नाही. दारातून आत पाऊल टाकले आणि शेजारी उभ्या भाच्याचे ओठ हलताना दिसले, शब्द आला नाही. अशा शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर, कुठे कुठे शंभराच्या आसपास असतो. डेसिबलचा हिशेब साधा नाही. नव्वदाचे शंभर झाले तर आवाजाची शक्ती दसपट होते. १९४८ च्या कारखाने कायद्याखालच्या आदर्श नियमांनी मर्यादा घातली होती ती अशी : नव्वद डेसिबलमध्ये आठ तास, पंचाण्णवमध्ये चार, शंभरमध्ये दोन. आणि इथली पाळी बारा तासांची. आवाजाने येणारे बहिरेपण त्याच कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातले होते. म्हणजे सरकारला ते ठाऊक नव्हते असे नाही.

मागावर होता ओडिशाच्या गंजम जिल्ह्याचा माणूस. सुरतेच्या मागांवर त्या जिल्ह्याची माणसे पुष्कळ. त्याच्या एका कानात कापसाचा बोळा होता. दुसरा कान उघडा. बाहेर चहाला आल्यावर मी विचारले, दोन्ही का नाही घालत? त्याने सांगितले ते ऐकून मी गप्प झालो. मागाचा आवाज बदलला की कुठे काय बिघडले ते त्याला कळते. दोन्ही कान बंद केले तर ते कळणार नाही, माल बिघडेल आणि पैसे कापले जातील. म्हणून एक कान त्याने स्वतःसाठी ठेवला आहे आणि एक मालकासाठी.

आता मित्रहो, जरा विचार करा. या माणसाला नेमके काय हवे? मोठा आवाज खाली आणणारे, पण बोलणे आणि बारीक बदल कानापर्यंत पोहोचू देणारे यंत्र. तंतोतंत हीच गोष्ट त्या दोन डब्यांवर मोठ्या अभिमानाने मिरवलेली असते! आज मिळणारी जोडी त्या शेडमध्ये टिकेल असे मी म्हणत नाही. आवाज मारायची ही युक्ती पंखा, इंजिन, विमान यांच्या संथ घोंघाटावर उत्तम चालते, खटाखट आदळणाऱ्या आवाजावर तितकी नाही. कामगाराच्या कानाचे संरक्षक साधन म्हणून या जोड्या घडवलेल्याही नाहीत. पण अक्कल, पैसा आणि संशोधन कुणाच्या कानासाठी खर्च झाले, हा प्रश्न राहतोच. ज्याच्या डोक्याशी शंभर डेसिबल आहेत त्याच्या वाट्याला कापूस, आणि वातानुकूलित कॉफीच्या दुकानात बसलेल्याच्या वाट्याला दोन दाण्यांतले प्रत्येकी एक चिमुकले संगणकयंत्र.

आणि गंमत बघा, ही विद्या बाजारात आली ती कामाच्या ठिकाणच्या गोंगाटासाठीच. आवाजाला उलटा आवाज जोडून दोघांचा नाश करायची कल्पना पॉल ल्यूग या जर्मन माणसाची. तिला अमेरिकेत १९३६ साली पेटंट मिळाले. पुढे अमर बोस, एका बंगाली बापाचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा, १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या घोंघाटाने वैतागला आणि तिथेच कागदावर हिशेब मांडू लागला. १९८९ साली त्याच्या कंपनीने हेडसेट विकायला काढला तो वैमानिकांसाठी. म्हणजे कामकऱ्यासाठीच. फक्त तो कामकरी विमान चालवणारा होता. माग चालवणाऱ्यापर्यंत ही विद्या उतरलीच नाही. वैमानिकाकडून ती थेट प्रवाशाकडे गेली, आणि प्रवाशाकडून आमच्या भाच्याकडे.

दुसरी एक गोष्ट सांगतो. बहिणीची नात फोंड्याच्या एका गुरुजींकडे फोनवरून गाणे शिकते. एके संध्याकाळी कानात असलीच एक जोडी घालून ती शिकायला बसली. शेजारी यंत्राचा तानपुरा चालू. पाच मिनिटांत गुरुजी विचारतात, "बाये, तानपुरा लावला नाहीस काय?" जोडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष एका कंपनीचा नव्हे. बोलण्यासाठी बनवलेला फोन, ॲप आणि कानातले यंत्र, सगळ्यांची शिकवण एकच : माणसाचे बोलणे तेवढे ठेवा, सतत एकसारखा चालणारा आवाज कचरा समजून काढून टाका. आणि तानपुरा तर सतत एकसारखाच चालतो! तोच त्याचा धर्म. ज्याच्या आधारावर आमचे सगळे गाणे उभे आहे, तो यंत्राच्या लेखी पंखा. काही ॲपमध्ये संगीतासाठी वेगळी सोय असते आणि ती शोधून काढावी लागते, हे खरे. पण न शोधणाऱ्याच्या घरी काय टिकावे आणि काय जावे ते कुणी ठरवले?

भाषेचेही तसेच. एअरपॉड्स प्रो ३ बरोबर कानात भाषांतर करून देणारी सोय आली. आली तेव्हा भाषा पाच : इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज. ब्राझीलची का असेना, पोर्तुगीज! १९६१ साली आम्ही जिला बोटीत बसवून पाठवले ती भाषा पंचवीस हजार रुपये मोजल्यावर कानात परत आली. त्या यादीत मराठी नव्हती, कोंकणी नव्हती, आणि ज्या पर्वत पाटियावर बसून मी ती यादी वाचली तिथली गुजरातीही नव्हती. मराठी-कोंकणीचा वाद घालणाऱ्या आम्हा दोन्ही बाजूंच्या वीरांनी यावर एक दिवस एकत्र बसायला हरकत नाही.

जावई म्हणाले, "मामा, म्हणजे घेऊच नयेत की काय? दिवसभर मार्केटमध्ये डोकं उठतं. संध्याकाळी दोन तास शांतता मिळते ती यांच्यामुळेच."

त्यांचे म्हणणे खोटे नाही. चार दिवसांत मलाही त्या शांततेची चटक लागली, हे कबूल करतो. शिवाय याच यंत्रातून चांगलेही काही निघते. २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एअरपॉड्स प्रोच्या आधीच्या पिढीला, थोडे कमी ऐकू येणाऱ्या प्रौढांसाठी श्रवणयंत्र म्हणून वापरायला परवानगी दिली. कान गेलेल्या म्हाताऱ्यांना याचा उपयोग होईल. तेव्हा वस्तूवर माझा राग नाही. ज्याला परवडते त्याने खुशाल घ्यावी.

राग आहे तो आपल्या समजुतीवर. गोंगाट ही सगळ्यांची अडचण होती, ती आपण एकेकट्याची खरेदी करून टाकली. गावात पाणी गढूळ आले की पूर्वी माणसे पंचायतीत जाऊन भांडत. आता ज्याला जमते तो घरात फिल्टर बसवतो, आणि नळाला गढूळ पाणी येतच राहते. आवाजाचे तेच होणार. ज्याचा शब्द अधिकारी ऐकेल, ज्याला अर्ज लिहिता येतो, वकील करता येतो, त्याच्या कानात शांतता विकून टाकली की तक्रार करणारा संपला. उरतो तो एका कानात कापूस घातलेला माणूस. त्याचे कोण ऐकतो?

हे सुरतेपुरते नाही, म्हणून गोव्याच्या वाचकांसाठी लिहितो आहे. आपल्याकडे हणजूण-वागातोरच्या रात्रीच्या संगीताची प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत गेली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर कर्णे लावायला, मोजकी सूट सोडली तर, बंदी आहे. या प्रकरणांत जे काही हलले ते झोप उडालेल्या गावकऱ्यांनी भांडून हलवले. त्या गावकऱ्यांनी त्या रात्री कानात पंचवीस हजारांचे बोळे घातले असते तर? गाढ झोपले असते, आणि शेजारच्या झोपडीतले तान्हे मूल रडत राहिले असते.

निघायच्या दिवशी भाच्याने पुन्हा विचारले, "मामा, शेवटी कुणाची जोडी जिंकली?" मी म्हटले, तुझ्या फोनला तुझी, जावयांच्या फोनला त्यांची. पण तुझ्या ओळखीचा तो मालक आहे ना, त्याला माझ्या वतीने दोन गोष्टी विचार. शेडमध्ये आवाज किती आहे ते कधी मोजले आहे काय? आणि माग बिघडला तर खुणेचा दिवा लागेल अशी सोय करून, माणसांना दोन्ही कानांत घालायला बरे बोळे का देत नाहीस? फोमचे साधे बोळे काही रुपयांना मिळतात. पोरगा हसला, पण विचारतो म्हणाला. अजून उत्तर आलेले नाही. मी फोन करून आठवण करणार आहे.

गोव्यात परतलो त्या पहाटे पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला, पोंय पोंय. पाव घ्यायला मी बाहेर आलो. शेजारचा मुलगा कानात दोन दाणे घालून अंगणात फेऱ्या मारत होता. पदेर त्याच्यासमोर दोनदा भोंगा वाजवून पुढे निघून गेला. त्या घरी त्या दिवशी पाव नव्हता.