अकराव्या दिवसाची पिशवी

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये सुट्टी झाल्यानंतरचे १० दिवस धरलेले असतात. पोटावर पिशवी घेऊन घरी आलेल्या माणसाचं अकराव्या दिवशी काय, हे कुणी ठरवलेलं नाही.

माझ्या वडिलांच्या लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलं आहे. याला इलिओस्टोमी म्हणतात. सुट्टीच्या कागदावर गोळ्या होत्या, टाक्यांची तारीख होती. पिशवी कशी कापायची, केव्हा बदलायची, याची एक ओळ नव्हती. हिमायतनगरला आल्यावर पंधरवड्यात भोवतीची कातडी सोलवटली. लहान आतड्यातून पातळ येतं, त्यात अन्न पचवणारा रस असतो आणि तो कातडीलाही सोडत नाही. शेजारपाजारचे खोबरेल तेल सांगत होते. तेलावर पिशवी चिकटत नाही, मग गळते, मग कातडी आणखी जळते. गावातल्या दवाखान्यानं सांगितलं, जिथं ऑपरेशन झालं तिथं जा. तिथं सर्जननी दोन मिनिटं बघून ‘ऑपरेशन छान झालंय’ म्हटलं. झालंच होतं.

दुखणं छिद्राच्या मापात होतं. ऑपरेशननंतर सुजलेला स्टोमा काही आठवड्यांत आकसतो. चकती मात्र वॉर्डात दिलेल्या जुन्याच मापानं कापली जात होती. मुंबईच्या ओळखीतल्या एका सिस्टरनं हे फोनवर, फोटो बघून सांगितलं. एवढ्यासाठी सर्जन लागत नाही!

१९५८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी नेमकं याच कामासाठी नॉर्मा गिल यांना घेतलं. त्या नर्सही नव्हत्या. त्यांची स्वतःची इलिओस्टोमी झालेली होती. आपल्याकडे ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया १९७५ पासून मुंबईत आहे. इतक्या वर्षांत ही विद्या परळहून मराठवाड्यातल्या तालुक्यापर्यंत यायला काय हरकत होती?

मला उत्तर ठाऊक आहे. २०२३च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यांत १२ नवजात बाळं. तिथं पिशवीचं काय घेऊन बसलात! पण इलिओस्टोमीतून पाणी आणि मीठ जास्त गेलं की उन्हाळ्यात मूत्रपिंडं बसतात, माणूस दगावतो. हेही मरणच, फक्त घरी होतं म्हणून आकड्यात येत नाही. अपंगत्वाच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांतही पोटावरच्या पिशवीला जागा नाही.

मागणं मोठं नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्टोमा शिकलेली एक सिस्टर, ग्रामीण रुग्णालयात तिचा फोन नंबर, आणि औषधांच्या सरकारी खरेदीत पिशव्या. ऑपरेशनला सरकार हजारो रुपये मोजतं. ते टिकवणाऱ्या पिशवीचे पैसे मात्र घरच्यांनी द्यायचे.

परवा मेडिकलवाला म्हणाला, पिशव्या मागवून देतो, पण पूर्ण पेटी घ्यावी लागेल, पैसे आधी. वडिलांनी यंदा महाशिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेला जायचं टाळलं. गर्दीत गळली तर, म्हणाले.