चला, गाव पाहू!

वाचकहो, इंग्लंडात कॉट्सवोल्ड नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे. तिथली मधाच्या रंगाच्या दगडी घरांची खेडी बघायला देशोदेशीचे लोक पैसे मोजून जातात. 1966 साली तो मुलूख खास निसर्गसुंदर म्हणून जाहीर झाला. आपण मात्र सहल म्हटली की देवस्थान नाही तर मुंबई गाठतो. मग मुलेही गावाला नावे ठेवू लागली, तर नवल ते काय?

यंदा भाताची झोडणी उरकली की मुलाबाळांसह मासवणला जा. पालघर स्टेशनावर उतरून मनोरकडे जाणारी एस.टी. धरा. वाटेत वाघोबाची खिंड लागते. वारली बांधव या वाघदेवाला फार मानतात. तुम्हीही हात जोडा. पुढे सूर्या नदीकाठी मासवण. शिदोरी सोबत असू द्या. नदी शांत दिसली तरी मुलांना डोहात उतरू देऊ नका. जांभळे खायची असतील तर मेअखेरीस जा. पालघर तालुक्यातल्याच बहाडोलीच्या जांभळाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

पाड्यावर विचारल्याशिवाय कुणाच्या अंगणात शिरू नका, फोटो काढू नका. भाजी-फळे घेताना घासाघीस नको. आपल्या मालाचा भाव कुणी पाडला की कसे वाटते, ते आपण जाणतोच.

घरी परतलात की आपल्याच गावाकडे पाहुण्याच्या नजरेने बघा. पाणवठ्यावरचा कचरा तेव्हा डोळ्यांत खुपेल. तो मुलांच्या हातांनी उचलला गेला, की सहलीचे पैसे वसूल झाले म्हणून समजा!