अकरा टाका, पण दहा ठेवून!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट्स थांबले आणि कॉलेजात एकच सल्ला फिरू लागला, ‘फॉरमॅट मार, अकरा टाक.’ मारा खुशाल! पण सबमिशन तोंडावर असताना जुना प्रिंटर किंवा एडिटिंगचं सॉफ्टवेअर अकरावर चाललंच नाही तर?

आमचं म्हणणं, काही दिवस दोन्ही ठेवा. लॅपटॉप अकराच्या अटींत बसतो का (टीपीएम २.० हवं) ते आधी बघा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह ‘श्रिंक’ करून किमान ६४ जीबी, खरं तर शंभरेक, जागा मोकळी करा. पेनड्राइव्हवरून बूट करा, ‘कस्टम’ निवडा आणि अकरा त्या मोकळ्या जागेतच टाका. इथे चुकीचं पार्टिशन पुसलं, की प्रोजेक्ट गेलाच म्हणून समजा. पुढे लॅपटॉप सुरू करताना दहा की अकरा, तो स्वतःच विचारतो.

फक्त याला बॅकअप समजू नका. घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकल पकडताना बॅग आपटली आणि डिस्क गेली, तर दोन्ही विंडोज एकदमच जातात. प्रोजेक्टची कॉपी दुसरीकडे हवीच. आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की सुरुवातीलाच लिहून घ्या. लॅपटॉपमध्ये नाही, वहीत!