नियम माप सांगतो की दुकान सांगतो? माल भरण्याआधी एवढं बघा



परवाच्या व्हिडिओत मी मध्येच शिडाच्या होड्यांचा विषय काढला आणि वेळ संपला. बऱ्याच जणांना वाटलं, कापड दुकानवाल्याला होड्यांचं काय पडलंय? म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आमच्या बॅचमध्ये उरणकडचे एक काका आहेत. ताडपत्र्या आणि होड्यांची कव्हरं शिवतात, हात एकदम सफाईदार. त्यांच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा ऑप्टिमिस्ट चालवतो. ऑप्टिमिस्ट म्हणजे 15 वर्षांपर्यंतच्या मुलांची, जेमतेम 2.3 मीटर लांबीची शर्यतीची होडी. काकांनी मला विचारलं, "सर, कव्हर शिवतो तसं शीडपण शिवून दिलं तर? शर्यतीत चालेल का?"

मला काही माहीत नव्हतं. मग चार-पाच रात्री बसून नियम वाचले. बीबीएच्या तीन वर्षांत स्पर्धेबद्दल जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते तिथे शिरलं.

एक पद्धत: मापात बसवा, कोणीही शिवा

ऑप्टिमिस्टमध्ये होडी सगळ्यांची सारखी, पण शीड वेगवेगळे शीडवाले बनवतात. नियम सांगतो की कापड कसलं हवं, कडांची लांबी किती, ठरावीक ठिकाणी रुंदी किती. मापक येतो, शीड सपाट पसरतो, सुरकुत्या जातील इतपतच ताणतो आणि टेप लावतो. मापात बसलं की शिडाच्या खालच्या पुढच्या कोपऱ्याजवळ सही आणि तारीख टाकतो. संघटनेची बाकी औपचारिकता असतेच, पण मुख्य परीक्षा टेपची.

मोजायची रीत शिंप्याला लगेच कळेल. बऱ्याच वर्गांत शिडाच्या मागच्या कडेचं वरचं टोक खालच्या टोकाला जुळवून घडी घालतात. घडी पडते तो मध्यबिंदू. तिथून पुढच्या कडेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर म्हणजे अर्ध्यावरची रुंदी. वरच्या भागाची पुन्हा घडी घातली की पाऊण उंचीवरची रुंदी. एवढ्या ठिकाणी का मोजतात? नुसत्या तीन-चार कडा मोजल्या, तर शीडवाला मागची कड बाहेर फुगवून फुकटचं कापड मिळवेल. जास्त कापड म्हणजे जास्त वारा.

आता खरी गंमत. टेप रुंदी मोजतो, शिडाचं पोट मोजत नाही. पट्टे जोडताना शिवणीला किती गोलाई द्यायची, पोट किती खोल ठेवायचं, हे शीडवाल्याचं कसब. म्हणून बाजारात हलक्या मुलासाठी वेगळं आणि वजनदार मुलासाठी वेगळं ऑप्टिमिस्टचं शीड मिळतं. माप तेच, गिऱ्हाईक वेगळं.

दुसरी पद्धत: आमच्याकडूनच घ्या

आता आयएलसीए बघा, म्हणजे जुनी लेझर. ब्रूस किर्बी यांनी आराखडा केलेली, 1996 पासून ऑलिम्पिकमध्ये असलेली होडी. आपल्या विष्णू सरवणननं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आयएलसीए 7 मध्ये कांस्य आणि नेहा ठाकूरनं आयएलसीए 4 मध्ये रौप्य मिळवलं, तीच ही. इथे संघटनेनं मान्यता दिलेल्या उत्पादकाचंच शीड चालतं. तुम्ही हुबेहूब 7.06 चौरस मीटरचं, कदाचित जास्त टिकाऊ शीड शिवलंत तरी वर्गाच्या शर्यतीत त्याला जागा नाही. विकत घेतलेल्या शिडाला कात्री लावून सुधारणाही करायची नाही.

याची बाजूही समजून घ्या. यात पैसेवाला खास शीड शिवून घेऊ शकत नाही. जिंकतो तो होडी नीट चालवणारा. पालकांना दर मोसमात "कुठल्या कंपनीचं घेऊ?" हा ताप नाही. हा फायदा खरा आहे.

पण किंमतही आहे. मान्यताप्राप्त शीड महाग पडतं, म्हणून बरेच जण सरावाला बाहेरचं स्वस्त शीड लावतात आणि शर्यतीपुरतं अधिकृत काढतात. आणि सगळं मोजक्या हातांत असलं की काय होतं, ते 2019 मध्ये दिसलं. संघटना आणि एका परवानाधारक उत्पादकाचं फाटलं. "लेझर" हे नाव संघटनेच्या हातात नव्हतं, त्यामुळे होडीचं नावच बदलावं लागलं. त्यानंतर नवीन उत्पादकांना दार उघडलं.

हे मला का लागलं

चार वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या गणवेशाचे 180 जोड शिवून ठेवले. रंग तोच, कापड तेच. मे महिन्यात शाळेनं पालकांना सांगितलं, गणवेश अमुक दुकानातूनच घ्या. माझे 140 जोड अजून माळ्यावर आहेत. माझा माल मापात नापास झाला नव्हता. त्याचं माप कोणी घेतलंच नाही.

दुसऱ्या एका शाळेनं कापडाचा नमुना, रंग आणि मापांचा तक्ता दिला, आणि कोणीही शिवा म्हणाली. तिथे आम्ही तीन दुकानदार आहोत. मी गुडघ्याला दुहेरी कापड देतो, म्हणून माझ्याकडे पालक परत येतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. छोट्या माणसाला नियमाची भीती नको. माप सांगणारा कडक नियम आपला मित्र आहे, कारण टेप दुकानाचं नाव वाचत नाही. दुकान सांगणारा नियम कितीही चांगल्या हेतूनं केलेला असो, परवाना हातात आल्याशिवाय त्यात भांडवल टाकू नका.

नवीन धंद्यात शिरताना तीन प्रश्न विचारा:

1. नियम माप सांगतो की नाव?
2. माप कोण घेतं, आणि ते आधी घेऊन मिळतं का?
3. नियम काय मोजत नाही? तुमचं कसब तिथेच दाखवायचंय.

काकांना मी सांगितलं, आयएलसीएच्या शर्यतीचं शीड डोक्यातून काढा. ऑप्टिमिस्टचं एकच शिवा, आधी सरावासाठी. मुलगा महिनाभर वापरू दे. मग मापकासमोर पसरा. सही झाली तरच दुसऱ्याचं कापड आणा.

काकांनी कापड आणलंय. एकाच शिडाचं.