मोटार घ्यावी कीं न घ्यावी?

सन २०२५ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर शेंकडा २८ वरून शेंकडा १८ वर आला, आणि मुंबईंतील कित्येक घरांत जो विषय आजवर मुलांच्या हट्टापुरता होता तो मोठ्या माणसांच्या बैठकींत येऊन बसला. कर उतरला, बँका कर्ज देण्यास दारांत उभ्या आहेत, शेजाऱ्यानें घेतली, मग आपणच काय घोडें मारलें आहे, असा एकंदर युक्तिवाद असतो. या युक्तिवादांत किंमत किती हा प्रश्न येतो. गाडी उभी कोठें राहणार आणि तिच्यांत बसणार कोण, हे दोन प्रश्न येत नाहींत. प्रस्तुत लेखकाच्या मतें मुंबईसारख्या शहरांत निर्णय व्हावयास पाहिजे तो या दोन प्रश्नांवर. तथापि पैशांचा हिशेब आधीं उरकून घेऊं, कारण तो पुरा मांडण्याची चाल आपल्याकडे नाहीं.

संस्कृतांत योगक्षेम असा एक अर्थपूर्ण सामासिक शब्द आहे. जें आपणांपाशीं नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे त्याचें रक्षण करणें हा क्षेम. मोटारीचा योग हल्लीं बँका एका दुपारांत जुळवून देतात. क्षेम मात्र घरधन्याच्या गळ्यांत पुढचीं दहा-पंधरा वर्षें राहतो. उदाहरणादाखल आठ लाख रुपये मूळ किंमतीची, पेट्रोलवर चालणारी मोटार घ्या. महाराष्ट्रांत दहा लाखांपर्यंतच्या अशा मोटारीस शेंकडा ११ प्रमाणें वाहनकर पडतो. म्हणजे ८८,००० रुपये नोंदणीच्या वेळींच गेले. सहा लाखांचें कर्ज काढलें, मुदत पांच वर्षें आणि व्याज शेंकडा ९ धरलें, तर दरमहा सुमारें १२,४५५ रुपयांचा हप्ता येतो, आणि मुदतीअखेर जवळजवळ १,४७,००० रुपये केवळ व्याजाचे भरलेले असतात. राहिली गाडीची झीज. ती किती धरावी याविषयीं वाद नको. विम्याच्या धंद्यांतील रूढ कोष्टकच घ्यावें. विम्यासाठीं गाडीची किंमत ठरवितांना पहिल्या सहा महिन्यांतच शेंकडा ५, पहिलें वर्ष संपेपर्यंत १५, दुसऱ्या वर्षीं २०, तिसऱ्या वर्षीं ३०, चौथ्या वर्षीं ४० आणि पांचव्या वर्षीं ५० अशी तूट धरतात. म्हणजे पांच वर्षांत चार लाख रुपये हवेंत विरले. तिन्ही रकमांची बेरीज ६,३५,००० रुपये. तिला साठ महिन्यांनीं भागलें असतां दरमहा साडेदहा हजारांहून थोडे अधिक येतात. पेट्रोलचा एक थेंबही अजून जळलेला नाहीं, आणि विम्याचा हप्ता, सोसायटीचें भाडें, गाडी धुणाऱ्याचा पगार, देखभाल यांपैकीं कांहींच अजून धरलेलें नाहीं.

दुसऱ्या बाजूस, १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईंतील काळ्या-पिवळ्या टॅक्सीचें किमान भाडें ३१ रुपये व पुढें दर किलोमीटरला २०.६६ रुपये, आणि रिक्षाचें किमान २६ रुपये व पुढें दर किलोमीटरला १७.१४ रुपये असे दर ठरले. टॅक्सीच्या या दरानें साडेदहा हजारांत महिन्याला सुमारें पांचशें किलोमीटर प्रवास होतो. दहा किलोमीटरांच्या जवळजवळ पन्नास फेऱ्या झाल्या, आणि त्याही गाडी कोठें लावूं ही विवंचना न करतां. टॅक्सीवाले भाडें नाकारतात, मोबाइलवरून बोलावलेली गाडी ऐन पावसांत दुप्पट दाम मागते, हें सर्व खरें आहे. तरी पांचशें किलोमीटरांत अशा रुसव्या-फुगव्यांना पुष्कळ जागा आहे.

जागेवरून आठवलें. एक मोटार उभी करावयास सुमारें अडीच मीटर रुंद व पांच मीटर लांब जागा लागते. म्हणजे साधारण १३५ चौरस फूट. वरळी, नायगांव येथील बी. डी. डी. चाळी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत बांधल्या गेल्या. त्यांतील एकेक खोली १६० चौरस फुटांची, आणि तेवढ्यांत तीन-तीन पिढ्या नांदल्या. या शहरांत जेवढ्या जागेंत संसार झाले जवळजवळ तेवढी जागा हें यंत्र अडवितें, आणि तीही दिवसाच्या चोवीस तासांपैकीं बावीस तास झोंपून. जपानांत १९६२ च्या कायद्यानें गाडी ठेवण्यास जागा असल्याचा दाखला आणल्याखेरीज गाडी घेतां येत नाहीं असा नियम झाला. आपल्याकडे गाडी आधीं येते आणि जागेचा शोध मग सुरू होतो. त्या शोधापायीं चाळीस-चाळीस वर्षांचा शेजार तुटलेला आम्हीं पाहिला आहे. एकमेकांच्या घरीं सणावारीं ताट पाठविणारी माणसें फाटकापुढच्या चार हात जागेसाठीं पोलिसांपर्यंत गेलीं.

आमच्या लहानपणीं आमच्या गल्लींत एकच फियाट होती, एका डॉक्टरांची. तिच्यांतून गल्लींतल्या कित्येक बाळंतिणी सूतिकागृहांत गेल्या, आणि कोणाच्या घरीं मध्यरात्रीं छातींत कळ आली तर त्यांचें दार ठोठावण्यास कोणास संकोच वाटत नसे. त्याच घराण्यांतील प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. एका गाडीवर तेव्हां सबंध गल्लीचें निभत असे. आतां एका घराचें एका गाडीवर निभत नाहीं. असें कां होतें, हेंच पाहावयाचें आहे.

मीमांसकांनीं कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. घरच्या प्रवासांचेही तसेच भेद करावे. रोजची कचेरी व शाळा हें नित्य; दवाखाना, लग्नकार्य, कोणाच्या समाचारास जाणें हें नैमित्तिक; आणि अलिबाग-महाबळेश्वर हें काम्य. आमच्या परिचयाचें पार्ल्यास एक सात माणसांचें घर आहे. आजी, त्यांचे दोन मुलगे, दोघी सुना आणि दोन नातवंडें. तेथें मोटारीची चर्चा ऐन रंगांत आली असतां आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, एक महिना स्वयंपाकघराच्या दाराशीं वही टांगून ठेवा आणि कोण, कोठें, किती वाजतां, कशानें गेलें तें लिहीत जा. लिहिण्याचें काम धाकट्या नातीकडे आलें. महिनाअखेर दीडशेंहून अधिक नोंदी झाल्या, आणि त्यांतील बहुतेक नित्य प्रवासाच्या निघाल्या.

नित्य प्रवासास मोटार मुंबईंत फारशी उपयोगाची नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि पुढें हें शहर रुळांच्या कडेकडेनेंच वाढत गेलें. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्यें आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरांची भुयारी मेट्रो संपूर्ण खुली झाली. मोटारवाल्यांनाही सरकारनें उपाशीं ठेवलेलें नाहीं. सागरी किनारा मार्ग २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें मिळाला, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत शहराच्या पांचही नाक्यांवरचा लहान गाड्यांचा पथकर माफ झाला. परंतु असले मार्ग माणसास एका खोळंब्यापासून दुसऱ्या खोळंब्यापर्यंत त्वरेनें पोंचवितात, एवढेंच.

याचा अर्थ आगगाडीच्या गर्दीची भलावण करावयाची आहे असा नव्हे. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ डब्याच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडून प्राणांस मुकले. ज्याला रोज त्या दारांत उभें राहावें लागतें त्यानें मोटारीचें स्वप्न पाहिलें तर त्यास चैनी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? दुर्दैव एवढेंच कीं, अशी माणसें बहुधा कल्याण-बदलापुराकडे राहतात, आणि तेथून मोटारीनें मुंबई गांठणें म्हणजे अंगाचे हाल वांचवून वेळेचे हाल विकत घेणें होय.

काम्य प्रवासाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. वर्षांतून चार वेळां जाण्यासाठीं चालकासह गाडी दोन दिवस भाड्यानें मिळते, आणि चालक आपल्या घरचा नसला म्हणजे सहलीस निघालेल्या मुलासही डोंगर पाहावयास सांपडतो. शिवाय सात माणसांचें घर आणि पांच माणसांची गाडी, या वजाबाकीचें उत्तर प्रत्येक घरांत एकच असतें. रविवारीं सर्व मंडळी निघण्याच्या वेळीं आजी म्हणतात, "मला काय पाहावयाचें आहे तिकडे? तुम्ही जा, मी संध्याकाळीं दिवा लावीन." आणि मंडळींना तें पटतें.

खरा प्रश्न नैमित्तिकाचा. त्या वहींत नातीनें, कोणी न सांगतां, शेवटीं एक रकाना वाढविला होता. जाणार होतें पण गेलें नाहीं, अशांचा. त्यांत नऊ नोंदी होत्या. दोन धाकट्या सुनेच्या आणि सात आजींच्या. एका भजनास गेल्या नाहींत, कारण परततांना रात्र झाली असती. डोळ्यांच्या तपासणीचा दिवस दोनदां टळला, कारण बरोबर कोणी नव्हतें. मुलुंडच्या बहिणीकडे जाणें राहिलें, कारण म्हणून मुलीनें आजींचेच शब्द उतरविले होते: "एवढे पैसे टॅक्सीला कशाला?"

हा रकाना पाहतांच मोटारवादी पक्षास जोर चढला. आईसाठींच तर गाडी हवी, असें थोरले चिरंजीव म्हणाले, आणि तें ते मनापासून म्हणाले याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मंगळवारीं सकाळीं अकराची असते. त्या वेळीं गाडी वांद्रे-कुर्ला संकुलांत कोठेंतरी तळघरांत उभी असणार. ती हांकणारे घरांत दोघे, आणि दोघेही कचेरींत. एकत्र कुटुंबांत मोटार म्हाताऱ्या माणसाच्या नांवानें मागितली जाते व मिळवत्या माणसाच्या सोईनें वापरली जाते. यांत कोणाचा दुष्टपणा नसतो. गाडीस एका वेळीं एकाच ठिकाणीं असतां येतें, एवढेंच.

पण मोटार नको म्हणणाऱ्यांसही चार शब्द ऐकविले पाहिजेत. बारा हजारांचा हप्ता महिन्याच्या पांच तारखेस बँकेंतून आपोआप जातो, म्हणून तो कोणास टोंचत नाहीं. तीनशें रुपये टॅक्सीवाल्याच्या हातावर मोजून द्यावे लागतात, म्हणून ते टोंचतात. ज्याला पैसे मागावे लागतात त्याला तर ते दुप्पट टोंचतात. पेन्शन नसलेली सासू आणि नोकरी सुटलेली सून यांना बसच्या भाड्यापलीकडे खर्च करावयाचा तर कारण सांगावें लागतें, आणि कारण सांगण्यापेक्षां न जाणें त्यांना सोपें वाटतें. मोटार न घेऊन वांचलेले पैसे बँकेंत पडून राहिले आणि आजी घरांत पडून राहिल्या, तर त्या काटकसरीस काय म्हणावें?

ज्यांस मोटार घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं अशीं घरें आहेत, हें मान्यच केलें पाहिजे. रात्रीं-अपरात्रीं रुग्णाकडे जाणारा डॉक्टर, चाकांच्या खुर्चीवरील माणसास आठवड्यांतून तीनदां उपचारास नेणारें कुटुंब, स्टेशनापासून दूर राहणारे, किंवा रोज एकाच वेळीं एकाच दिशेस जाणारीं तीन-चार माणसें. त्यांनीं खुशाल घ्यावी. आमचा वरचा हिशेब त्यांच्यासाठीं नाहीं.

इतरांनीं मोटारीऐवजीं प्रथम मोटारीचा हप्ता सुरू करून पाहावा. पार्ल्याच्या त्या घरांत तसें ठरलें. पुरता हप्ता नव्हे, पण दरमहा सहा हजार रुपये वेगळे काढून एका पत्र्याच्या डब्यांत ठेवावयाचे आणि डबा आजींच्या कपाटांत. नियम दोन. घरांतील कोणीही रिक्षा-टॅक्सीसाठीं त्यांतून घ्यावें व कारण सांगूं नये. आणि उरलेली रक्कम दुसऱ्या कशाकडेही वळवूं नये. पहिल्या नियमास धाकट्या मुलानें थोडी कुरकुर केली, दुसऱ्यास खुद्द आजींनीं. पहिल्या महिन्यांत त्यांनीं स्वतःसाठीं एकदांच रिक्षा केली, आणि महिनाअखेर सगळा डबा थोरल्या सुनेपुढें ठेवून "विजेच्या बिलाला घे" म्हणूं लागल्या. सुनेनें तो उचलून पुन्हां कपाटांत ठेवला. दुसऱ्या महिन्यांत डोळ्यांची तपासणी झाली. धाकट्या सुनेनें एकदां रात्रीं साडेनऊला कचेरींतून परततांना टॅक्सी केली व घरीं येऊन कोणास कांहीं सांगितलें नाहीं. वहींत मात्र नोंद केली.

मोटारीचा विषय त्या घरांत अजून मिटलेला नाहीं. थोरले चिरंजीव रविवारीं दुकानांत जाऊन गाड्या पाहून येतात, आणि त्यांत कांहीं वावगें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तिसऱ्या महिन्याची वही मात्र आम्हीं मुद्दाम मागवून पाहिली. शनिवारच्या पानावर नातीच्या अक्षरांत लिहिलें आहे: आजी, मुलुंड, टॅक्सी, सकाळीं दहा, जातांना ४१० रुपये. मुलुंडच्या बहिणीकडे त्या चार वर्षांनीं गेल्या. परतीचा आकडा त्या पानावर नाहीं. तो मंगळवारच्या पानावर आहे.