परगांवीं ओळखीचें माणूस

घोड नदीकांठच्या शिनोलीपासून जुन्नरापर्यंत, मुंबईस कामाला गेलेला पूर्वज ज्याच्या घराण्यांत नाहीं असें घर विरळा. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापिली. पुढें गिरण्या वाढल्या, तसतसे घाटावरचे तरुण गिरणगांवाकडे लोटले. त्या अफाट शहरांत हा खेडवळ माणूस टिकला कसा? स्वतःच्या हिमतीवर, असें सांगण्याचा प्रघात आहे. आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें.

तो उतरे गांवकऱ्यांच्या खोलीवर. एका खोलींत वीस-वीस माणसें. कामाच्या पाळ्या निराळ्या, म्हणून निजावयाचें तेंही पाळीनेंच. जेवण खानावळवालीकडे, पैसे पगार झाल्यावर. गांवचाच कोणी जुना कामगार जॉबरकडे शब्द टाकी, तेव्हां बदलीचें काम मिळे. ताप आल्यास पेज करून देणारा आणि पगार उधळल्यास घरीं पत्र धाडणारा, दोघेही त्याच खोलींत! (हा दुसरा नकोसा वाटे, पण उपयोग त्याचाच अधिक.) १९८२ च्या जानेवारींत मोठा संप सुरू झाला, तेव्हां कित्येकांस गांवचाच आधार उरला.

मात्र प्रत्येक ओळख तारकच असते असें नव्हे. जॉबर काम देई, तशी दस्तुरीही घेई.

आतां गिरण्या बहुतेक गेल्या, आणि आमच्याच तालुक्यांत परके मजूर येतात. पारगांवच्या भीमाशंकर कारखान्याचा हंगाम लागला कीं ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या घालून राहतात. नवराबायको मिळून एक कोयता. त्यांचे भाऊबंद बरोबरच असतात. परंतु या गांवांत त्यांचें ओळखीचें कोण? केवळ मुकादम, आणि त्याची तर उचल घेतलेली! दवाखाना कोठें, शाळेंत कोणास भेटावें, हें सांगणारा जुना गांवकरी त्यांस येथें नाहीं.

“चार महिन्यांत जाणाऱ्यांशीं ओळख कशाला?” असें कांहीं पालक म्हणतात. आमच्या आजोबांस “घाटी” म्हणणाऱ्या मुंबईकरांचाही विचार याहून निराळा नसावा. ज्यांच्या शेतांत यंदा टोळी उतरेल, त्यांनीं पहिल्याच सायंकाळीं कोपीवर जावें, मुलें कितवींत शिकत होतीं तें विचारावें, आणि दुसऱ्या दिवशीं आपल्या मुलाबरोबर त्यांस शाळेंत धाडावें. वर्गांत बांक कमी पडल्यास विद्यार्थ्यांनीं थोडें सरकून बसावें.