जाळें कोणाचें?

गेल्या महिन्यांत एका रविवारीं, दुपारचीं जेवणें आटोपल्यावर, चारकोप येथील आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला. म्हाडानें जागतिक बँकेच्या साहाय्यानें वसविलेल्या ह्या वसाहतींतील घरें लहान; त्यांतल्या एकांत आमच्या तीन पिढ्या नांदतात. त्यामुळें येथील वाद कोणासच चुकवितां येत नाहीं.

पक्ष दोन होते. एका बाजूस आमचे थोरले चिरंजीव, वय त्रेचाळीस. दुसऱ्या बाजूस धाकट्या चिरंजीवांचा मुलगा, वय तेरा. मध्यस्थ म्हणून आम्हांस बसविण्यांत आलें. विषय असा कीं, 'स्पायडरमॅन' ह्या अमेरिकन वीराचें जाळें त्याच्या देहांतून निघतें, कीं त्यानें स्वतः केलेल्या यंत्रांतून?

वाचक हसतील. आम्हीही हसलों, पण विषय दिसतो तितका पोरकट नाहीं. मूळ चित्रकथा १९६२ सालची. स्टॅन ली ह्यांनीं लिहिलेली व स्टीव्ह डिट्को ह्यांनीं चितारलेली. तींत किरणोत्सर्गी कोळी चावल्यामुळें पीटर पार्कर ह्या शाळकरी मुलास बळ येतें, भिंतींवर चढतां येतें. जाळें मात्र तो आपल्या विद्येच्या जोरावर स्वतः तयार करितो. सॅम रेमी ह्यांच्या २००२ सालच्या चित्रपटांत तें मनगटांतून आपोआप निघतें. २०१२ च्या चित्रपटांत पुन्हां यंत्र आलें. चिरंजीवांनीं २००२ चा चित्रपट कॉलेजांत असतांना पाहिलेला. नातवानें जुन्या चित्रकथांचे संग्रह मिळवून वाचलेले. म्हणून मौज अशी कीं, मुळाचा अभिमानी लहान आणि रूपांतराचा कैवारी मोठा.

चिरंजीव म्हणाले, "कोळ्याचें सारें अंगीं आलें आणि जाळेंच तेवढें आलें नाहीं, हें कसें? शिवाय मोठमोठ्या कारखान्यांस न साधणारी वस्तु एक गरीब मुलगा घरांत बसून करितो, हें कोणास पटेल?" नातू म्हणाला, "काका, जाळेंसुद्धां कोळ्यानेंच दिलें, तर पीटरनें केलें काय?"

येथपर्यंत ठीक होतें. पुढें आवाज चढले. "तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हांपासून मी हें पाहतों आहें," असें काका बोलले. "मग पाहून उपयोग काय झाला?" असें पुतण्या बोलला, आणि ताडकन् उठून माळ्यावर गेला. रात्रीं जेवावयासही उतरला नाहीं. निकाल द्यावयाचा तसाच राहिला.

ज्यानें जें प्रथम पाहिलें तेंच त्याचें मूळ, असा मनुष्याचा स्वभाव आहे. आम्हीही त्यास अपवाद नाहीं. लहानपणीं 'इंद्रजाल कॉमिक्स'मधील वेताळ आम्हीं चोरून वाचला, आणि त्याचें डेंकाली हेंच खरें रान मानिलें. ली फॉक ह्यांचा 'फँटम' १९३६ पासून अमेरिकेंत छापला जात होता आणि डेंकाली हें नांव १९६४ पासून निघूं लागलेल्या भारतीय अंकांत बदलून घातलेलें होतें, हें पुष्कळ वर्षांनीं कळलें. म्हणजे आमचें मूळही रूपांतरच. पुढें शिक्षक झाल्यावर तेच अंक मुलांच्या दप्तरांतून आम्हींच जप्त केले, हेंही येथें कबूल करणें भाग आहे.

आपल्याकडे हा वाद जुनाच आहे. महाभारताच्या आदिपर्वांत दुष्यंतास शकुंतलेची पुरती आठवण असते. तरीही भरसभेंत तो तिला नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. तेथें दुर्वासाचा शाप नाहीं कीं अंगठी नाहीं. कालिदासानें दोन्ही घातलीं. राजाचा खोटेपणा गेला, शकुंतलेचें दुःख मात्र राहिलें. भवभूतीनें तर रामसीतांची अखेर भेटच करविली. मग कवीस मोकळीक किती? नवव्या शतकांतील आनंदवर्धन 'ध्वन्यालोकां'त सांगतो कीं, मिळालेल्या कथेंतील रसास प्रतिकूल भाग कवीनें टाकावा व अनुकूल तो कल्पावा. परंतु रामायणासारख्या सर्वश्रुत कथेंत रसाचा विघात करणारी आपली लहर घालूं नये. म्हणजे फरक केला कीं नाहीं हा प्रश्न नव्हे. फरकानें रस वाढला कीं मोडला, हा प्रश्न.

ह्या कसोटीवर आमचा निकाल दुहेरी आहे. जाळ्याबाबत कौल नातवाकडे. बळ हें दैवाचें देणें; जाळें हा त्या मुलाचा पुरुषकार. तो काढून घेतला तर विद्येचा वांटा गेला आणि वीराच्या पदरीं बहुतेक दैवच उरलें. परंतु कथेचा प्राण जाळ्यांत नाहीं. पळत्या चोरास पीटर जाऊं देतो आणि तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो, ह्या पश्चात्तापावर ती उभी आहे. चित्रपटानें तें राखिलें, आणि वर एक भर घातली: काका-पुतण्यांची अखेरची भेट कडू शब्दांत संपते. पहिल्या चित्रकथेंत हें भांडण नाहीं. ही भर दुर्वासाच्या शापाच्या जातीची आहे, असें आम्ही समजतों. येथें कौल चिरंजीवांकडे.

हा निकाल घेऊन आम्ही त्या रात्रीं माळ्यावर गेलों. पहिला भाग ऐकून नातू खुलला. मग आम्हीं विचारिलें, "बाळ, त्या चित्रपटांत पीटर आपल्या काकांशीं शेवटचें काय बोलतो?"

तो पुष्कळ वेळ गप्प बसला. नंतर आमच्या आधीं जिना उतरला. खालीं चिरंजीव जेवावयाचे थांबलेले होते. दोन पानें तशींच मांडलेलीं होतीं. कोणी कोणाची क्षमा मागितल्याचें आमच्या कानीं आलें नाहीं. ताक-भाताच्या सुमारास मात्र वाद पुन्हां ऐकूं येऊं लागला. ह्या खेपेस विषय बॅटमॅनचा होता.